नागपूरचे रडार आणि कुरखेड्याचे आकाश

व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत जितके सुरक्षित असते, तितके ते उघड्या आकाशाखाली नसते. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेड्यासारख्या बाजारगावात मात्र वर्षातील बराच काळ माल आकाशाखालीच असतो. मार्च-एप्रिलमध्ये अंगणाअंगणांत मोहफुले वाळत असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात पसरलेले असतात. पावसाळ्यात धानाची रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांमध्ये व पुंजणे खळ्यांवर असतात. मळणी होऊन, पोती भरून, गाड्या वडसा-देसाईगंजच्या बाजाराकडे वा गिरणीकडे रवाना होईपर्यंत शेतकरी, मजूर आणि व्यापारी या तिघांचेही लक्ष वर लागलेले असते. अर्ध्या तासाचे वादळ संपूर्ण हंगामाचा हिशेब बदलून टाकू शकते.

हानी केवळ मालाची होते असेही नाही. वादळी पावसात वीज कोसळून शेतात राबणारी, जंगलात पाने तोडणारी, झाडाच्या आडोशाला उभी राहिलेली माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या विदर्भातून दरवर्षी येतात. जिथे तिथे जंगलच आहे, तिथे पाऊस आला की माणूस साहजिकच झाडाखाली धावतो. आणि नेमकी तीच जागा सर्वांत धोक्याची असते. अशा वेळी वादळ येण्यापूर्वीची वीस-तीस मिनिटे हाती लागली, तर ताडपत्री टाकता येते, हमालांना आत बोलावता येते, जंगलातील माणसांना निरोप धाडता येतो.

ही वीस-तीस मिनिटे मिळवून देणारे साधन म्हणजे हवामानाचे रडार. पूर्वी घरातील वडीलधारी मंडळी पंचांगातील नक्षत्रे व त्यांची वाहने पाहून पावसाचा अंदाज बांधीत. आज त्यांच्याच नातवंडांच्या हातातील मोबाइलवर हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांचे रडारचित्र उमटते. परंतु ते ठिपके कशाचे, ते कितपत विश्वासार्ह, आणि ते केव्हा फसवतात, हे सांगणारे घरात सहसा कोणी नसते. वास्तविक रडारची मूलतत्त्वे फारशी अवघड नाहीत. इयत्ता नववीच्या विज्ञानातील प्रतिध्वनीचा धडा आणि त्रैराशिकापुरते गणित एवढ्या शिदोरीवर ती समजून घेता येतात.

काळावरून अंतर

पहिले तत्त्व घराच्या ओसरीवर बसून पडताळता येते. वीज चमकलेली तत्काळ दिसते, गडगडाट मात्र काही वेळाने ऐकू येतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो; म्हणजे एक किलोमीटर अंतर कापण्यास त्याला सुमारे तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत पंधरा अंक मोजले गेले, तर वीज साधारण पाच किलोमीटरवर पडली असे समजावे. अंतर मोजण्यासाठी येथे दोरी लागली नाही, की फूटपट्टी लागली नाही. वेग ठाऊक होता आणि वेळ मोजली, एवढेच.

रडार हेच करते. फरक दोन. एक, ते ध्वनीऐवजी रेडिओ तरंग वापरते. या तरंगांचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. दोन, ते विजेसारख्या दुसऱ्या कोणाच्या आवाजाची वाट पाहत बसत नाही. ते स्वतःच हाक देते आणि तिचा प्रतिध्वनी ऐकते. रडार हा शब्दच मुळी ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांतून तयार झाला आहे. रेडिओ तरंगांनी वस्तू हुडकणे आणि तिचे अंतर काढणे, असा त्याचा अर्थ.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे डॉप्लर रडार नागपूरला आहे. नागपूरहून कुरखेडा सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, पूर्वेकडे किंचित दक्षिणेला झुकलेल्या दिशेने येते. रडारमधून निघालेला तरंग कुरखेड्यावरील ढगाला धडकून परत आला, तर त्याचा जाण्या-येण्याचा एकूण प्रवास २४० किलोमीटरचा झाला. ३ लाखांनी भागले की उत्तर येते ०.०००८ सेकंद, म्हणजे ८०० मायक्रोसेकंद. यंत्राचे घड्याळ ८०० मायक्रोसेकंद दाखवते, त्यावरून संगणक जाण्या-येण्याचा प्रवास काढतो, त्याची निमपट करतो आणि ‘१२० किलोमीटरवर पाऊस’ अशी नोंद करतो. दिशा कळते ती अँटेनाचे तोंड त्या क्षणी कोणीकडे होते त्यावरून. उंची कळते ती अँटेना किती अंश वर उचललेली होती त्यावरून. दिशा, उंची आणि अंतर या तीन आकड्यांनी आकाशातील प्रत्येक जागेचा पत्ता निश्चित होतो.

ही हाक अतिशय तोकडी असते. तिला स्पंद म्हणतात. सुमारे एक मायक्रोसेकंदाच्या या स्पंदात लक्षावधी वॅटची शक्ती एकवटलेली असू शकते. सेकंदाला ६०० स्पंद सोडणारे रडार घेतले, तर दोन स्पंदांमध्ये सुमारे १६०० मायक्रोसेकंदांचे अंतर राहते. म्हणजे रडार एक भाग बोलते आणि सोळाशे भाग ऐकते. ऐकणेच त्याचे खरे काम; कारण लक्षावधी वॅटची हाक दिली, तरी परत येणारा प्रतिध्वनी एका वॅटच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी क्षीण असतो.

युद्धातील उपद्रव, शांततेतील उपयोग

रेडिओ तरंग धातूच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतात, हे हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगाने दाखविले. त्यानंतर काही वर्षांतच कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या सूक्ष्म तरंगांवर मूलगामी काम केले. १९०४ मध्ये क्रिश्चियन ह्युल्समायर या जर्मन अभियंत्याने दाट धुक्यात जहाजांची टक्कर टळावी म्हणून रेडिओ तरंगांनी जहाज ओळखणारे उपकरण करून दाखविले. पण त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही.

रडारच्या इतिहासात ज्यांचे नाव ठळकपणे घेतले जाते, ते ब्रिटनचे रॉबर्ट वॉटसन-वॉट मुळात हवामान खात्यातील होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात विजांमुळे रेडिओवर होणारी खरखर टिपून वादळ कोठे आहे ते शोधायचे आणि वैमानिकांना सावध करायचे, हे त्यांचे काम होते. पुढे २६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांनी व त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या तरंगांचा उपयोग करून उडत्या विमानाचा प्रतिध्वनी टिपला. दुसऱ्या महायुद्धात या विद्येची झपाट्याने वाढ झाली.

त्या काळी रडारच्या पडद्यावर शत्रूच्या विमानांसोबत एक नको असलेला पाहुणाही वारंवार येई, तो म्हणजे पाऊस. पावसाच्या प्रतिध्वनींमुळे विमाने झाकोळली जात आणि चालकांना तो मोठा उपद्रव वाटे. युद्ध संपल्यावर मात्र हवामानशास्त्रज्ञांनी याच उपद्रवाला अभ्यासाचा विषय केले. ज्यासाठी यंत्र बनले होते ते बाजूला राहिले, आणि जो अडथळा होता त्यातून नवे शास्त्र उभे राहिले.

भारतात हवामानशास्त्र विभाग १८७५ पासून कार्यरत आहे. त्याचे पहिले डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नईला बसविण्यात आले. महाराष्ट्राला या यंत्राची निकड फार मोठी किंमत देऊन कळली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहरात एवढा भेद होत असेल, तर दूरच्या एखाद्या पर्जन्यमापकावर विसंबून भागत नाही; संपूर्ण आकाश क्षणोक्षणी पाहणारी नजर हवी. पुढे कुलाब्यात डॉप्लर रडार उभे राहिले. विदर्भासाठी ती नजर नागपूरचे रडार पुरविते.

प्रतिध्वनीचा जोर

प्रतिध्वनी आला, अंतरही कळले. पण तिकडे रिमझिम आहे की मुसळधार, हे कसे समजावे? त्यासाठी दुसरे तत्त्व उपयोगी पडते. परत आलेला तरंग किती जोरकस आहे, यावरून थेंबांचा आकार व संख्या यांचा अंदाज बांधता येतो.

येथे निसर्गाचा एक विलक्षण नियम आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचा प्रतिध्वनी दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर चौसष्ट पट होतो. चार मिलिमीटर व्यासाचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ४०९६ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, मात्र त्यात पाणी असते केवळ ६४ थेंबांएवढे. म्हणजे रडारपुढे मोठा थेंब आपल्या वजनापेक्षा कितीतरी अधिक बोलतो. तराजूवर माल तोलणाऱ्याला यातील मेख लगेच लक्षात येईल. रडार पाणी तोलत नाही. ते आवाज ऐकून वजनाचा अंदाज करते. थोडे पण टपोरे थेंब असले तर अंदाज जास्त निघतो, पुष्कळ पण बारीक थेंब असले तर कमी निघतो. म्हणूनच जमिनीवरील पर्जन्यमापकाशी हा अंदाज पडताळून पाहावा लागतो.

या जोराचे माप ‘डीबीझेड’ या एककात देतात. चित्राच्या कडेला जी रंगीत पट्टी असते, तिच्यावरील आकडे तेच. ही पट्टी साधी चढती नाही. दर दहा अंकांनी प्रतिध्वनी दहापट होतो. १९४८ मध्ये मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी थेंबांच्या आकारांच्या वाटणीचा अभ्यास मांडला, आणि त्यावर आधारलेले सूत्र आजही प्रचलित आहे. त्या सूत्राने पाहिले, तर २० डीबीझेड म्हणजे तासाला एक मिलिमीटरहून कमी, भुरभुर. ३० म्हणजे तासाला सुमारे पावणेतीन मिलिमीटर. ४० म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. ५० म्हणजे तासाला जवळजवळ ४९ मिलिमीटर, अक्षरशः धो धो. त्याही पुढे ५५ च्या वर आकडा गेला, की पावसाबरोबर गारा असल्याची शंका घ्यावी. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या दिवसांत कुरखेड्याच्या व्यापाऱ्याने ज्या रंगाकडे लक्ष ठेवायचे, तो हाच.

गारा आणि मोठे थेंब यांतील फरक ओळखण्यासाठी नव्या रडारांत आणखी एक युक्ती असते. ती आडवे आणि उभे अशा दोन्ही प्रकारचे तरंग सोडतात. पावसाचा मोठा थेंब खाली येताना हवेच्या दाबाने चपटा होतो, त्यामुळे त्याचा आडवा प्रतिध्वनी उभ्यापेक्षा जोरकस असतो. गार गडगडत, गिरक्या घेत पडते. तिचे दोन्ही प्रतिध्वनी जवळजवळ सारखे येतात.

येणारे आणि जाणारे

तिसरे तत्त्व गतीचे. आगगाडी शिटी वाजवीत स्थानकाकडे येते तेव्हा शिटीचा स्वर चढा वाटतो आणि ती पुढे निघून गेली की एकदम उतरतो. वडसा स्थानकाच्या फलाटावर उभे राहिलेल्या कोणालाही हा अनुभव आलेला असेल. या घटनेची मीमांसा ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ क्रिश्चियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडली. तीन वर्षांनी बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने चालत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून आणि रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे करून ती पडताळून पाहिली.

रेडिओ तरंगांचेही असेच होते. ढगातील थेंब रडारकडे येत असतील, तर परतलेल्या तरंगाची वारंवारता किंचित वाढते. ते दूर जात असतील, तर किंचित घटते. हा फरक किती सूक्ष्म असावा? नागपूरचे रडार ज्या प्रकारचे आहे, त्या एस-बँड रडारची तरंगलांबी सुमारे दहा सेंटीमीटर असते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तरंगांची लांबीही जवळपास तेवढीच, बारा सेंटीमीटर. असे तरंग सेकंदाला सुमारे तीन अब्ज वेळा आंदोलित होतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाऱ्यातील थेंबांमुळे त्यात फरक पडतो अवघ्या ४०० आंदोलनांचा. तीन अब्जांतील चारशे! लागोपाठच्या स्पंदांचे प्रतिध्वनी एकमेकांशी ताडून रडार हा फरक पकडते, आणि त्यावरून ढगाच्या पोटातील वाऱ्याचा वेग सांगते.

या मापनाला दोन मर्यादा आहेत. रडारला फक्त आपल्याकडे येण्याची वा आपल्यापासून दूर जाण्याची गती कळते. थेंब त्याच्या नजरेला आडवे वाहत असतील तर गती शून्य दिसते. दुसरी मर्यादा अधिक रंजक आहे. दूरवरचे पाहायचे, तर एका स्पंदाचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत दुसरा स्पंद सोडता येत नाही. सेकंदाला ६०० स्पंद सोडले, तर २५० किलोमीटरपर्यंतचे अंतर निःसंदिग्धपणे कळते. पण वेगवान वारा अचूक मोजायचा तर स्पंद घाईघाईने सोडावे लागतात. याच ६०० स्पंदांनी सरळ हिशेबात सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरपर्यंतचाच वेग निर्विवाद मोजता येतो. स्पंद वाढवावेत तर पल्ला घटतो, पल्ला वाढवावा तर वेगाचे माप घटते. अभियंते स्पंदांच्या दोन वेगवेगळ्या लयी आलटून-पालटून वापरतात आणि दोन्ही मापे जुळवून घेतात. दुकानाचा पसारा वाढला की बारकाईची नजर कमी पडते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही अडचण परकी वाटणार नाही.

कुरखेड्यावर काय दिसते, काय दिसत नाही

आतापर्यंतची तत्त्वे कोणत्याही रडारला लागू आहेत. पण एखाद्या गावाला रडारचा उपयोग किती, हे त्या गावाच्या अंतरावर अवलंबून असते. कुरखेड्याचा हिशेब त्यासाठी उद्बोधक आहे.

पृथ्वी गोल आहे. रडारचा झोत जवळजवळ सरळ जातो आणि जमीन त्याच्याखालून वाकत जाते. झोत अगदी क्षितिजाला समांतर सोडला, तरी १२० किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे ८५० मीटर उंच गेलेला असतो. जवळच्या इमारती आणि झाडे टाळण्यासाठी अँटेना सर्वसाधारणपणे किमान अर्धा अंश उचललेली ठेवतात. तो अर्धा अंश जमेस धरला, तर कुरखेड्यावरून जाणाऱ्या सर्वांत खालच्या झोताचा मध्य जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्या बऱ्याच खाली काय चालले आहे, हे नागपूरच्या रडारला दिसत नाही.

दुसरे असे की, झोत विजेरीच्या प्रकाशासारखा दूर जाता जाता पसरतो. एक अंश रुंदीचा झोत कुरखेड्यापर्यंत येता येता दोन किलोमीटरहून थोडा अधिक रुंद झालेला असतो. त्या रुंदीत जे काही असेल त्या सर्वांची सरासरी रडारला मिळते. गावाच्या एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन, हा भेद त्याला करता येत नाही.

याचे व्यवहारातील परिणाम स्पष्ट आहेत. एप्रिल-मेमधील वळिवाचे ढग दहा-बारा किलोमीटर वा त्याहून उंच वाढतात. असे ढग दोन किलोमीटरवरून जाणाऱ्या झोतात सुटणे शक्य नाही. कुरखेड्याकडे सरकणारे गडगडाटी वादळ नागपूरच्या रडारला चांगले दिसते. हे ढग बहुधा पश्चिम किंवा वायव्येकडून, म्हणजे रडारच्या जवळच्या बाजूनेच येतात, हीदेखील सोयीची गोष्ट. उलट श्रावणातील खालच्या ढगांतून पडणारी बारीक झड झोताच्या खालून निसटू शकते. चित्र कोरे असते आणि अंगण ओले होते. कधी याच्या विपरीत घडते. वर ढगात पाऊस असतो, चित्रात रंग दिसतो, पण उन्हाळ्याच्या तापलेल्या कोरड्या हवेत थेंब जमिनीवर येण्याआधीच विरून जातात. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून छत्तीसगडमार्गे येणारे पाऊसमान कुरखेड्याला पूर्वेकडून गाठते. ती बाजू नागपूरपासून दूरची. २५० किलोमीटरवर झोताची उंची सहा किलोमीटरच्या घरात जाते, म्हणून तिकडील चित्र अधिक विरळ समजावे.

घरातील आणि दुकानातील उपयोग

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर नागपूर रडारची चित्रे ठरावीक मिनिटांच्या अंतराने बदलत असतात. एकच चित्र पाहून निष्कर्ष काढू नये. लागोपाठची दोन-तीन चित्रे पाहावीत, त्यांवरील वेळ वाचावी आणि ठिपका किती सरकला ते मोजावे. एखादे वादळ गावापासून ६० किलोमीटर पश्चिमेला आहे आणि दहा मिनिटांत ते सात किलोमीटर जवळ आले, तर त्याचा वेग ताशी ४२ किलोमीटर झाला. याच गतीने ते सुमारे पाऊण तास अधिक चाळीस मिनिटांत, म्हणजे जवळजवळ दीड तासाने पोहोचेल. मात्र एकटादुकटा वादळी ढग बहुधा अर्ध्या-पाऊण तासात वाढून विरून जातो आणि त्याच्या शेजारी नवा उभा राहतो. म्हणून लांबलचक ओळीने येणाऱ्या वादळांना हा हिशेब चांगला लागू पडतो, सुट्या ढगांना कमी. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो नव्याने करावा. हवामान विभाग जिल्हावार जे तात्कालिक इशारे देतो, त्यामागेही रडार, उपग्रह आणि अनुभवी अधिकाऱ्यांची नजर यांचा मेळ असतो. स्वतःचा हिशेब आणि तो इशारा यांत फरक पडला, तर इशारा प्रमाण मानावा.

विजेसाठी आणखी एक साधन आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप वापरणाऱ्याच्या सभोवार २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांचा इशारा देते. हे रडार नव्हे. ते हाक देत नाही. वीज चमकताना तिच्यातून निघणारे रेडिओ तरंग अनेक केंद्रांवर टिपले जातात आणि तरंग कोणत्या केंद्रावर किती आधी पोहोचला, यावरून विजेची जागा ठरते. वॉटसन-वॉट यांनी शतकापूर्वी ज्या कामापासून आरंभ केला, तेच काम आज जंगलातील मजुराच्या खिशातील मोबाइल करतो.

परंतु जंगलात मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही. तिथे ओसरीवरचे पहिले तत्त्वच कामी येते. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अवधी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा काम थांबवून पक्क्या घरात किंवा बंद मोटारगाडीत जावे, एकट्या उंच झाडाखाली मुळीच थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. मजूर, हमाल, गाडीवान यांना कामाला धाडणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने हा नियम त्यांना हंगामाच्या आरंभीच सांगून ठेवावा. त्यांच्या जिवाची काळजी ही मालाच्या काळजीच्या आधीची जबाबदारी आहे. आकाश भरून आलेले असताना उरलेली पोती आत घेण्यासाठी माणसाला उघड्यावर ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

घरातील मुलामुलींनी या विषयाकडे केवळ कुतूहल म्हणून न पाहता अभ्यास म्हणून पाहावे. त्यासाठी सोपा उपक्रम असा : वळिवाच्या किंवा पावसाळ्याच्या एका महिन्यात रोज संध्याकाळी रडारचित्रातील आपल्या गावाचा रंग एका वहीत टिपावा, शेजारी अंगणात प्रत्यक्ष पाऊस पडला की नाही आणि साध्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर साचला ते लिहावे. महिन्याअखेरीस दोन्ही रकाने ताडून पाहिले, की रडार कधी खरे बोलले, कधी जास्त बोलले आणि कधी गप्प राहिले, हे त्यांना स्वतःच्या नोंदींवरून कळेल. पुढे ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी मेरिल स्कोल्निक यांचा १९६२ पासून प्रचलित असलेला रडारवरील पाठ्यग्रंथ आहे, देशातील तंत्रसंस्थांचे विनामूल्य दूरशिक्षण अभ्यासक्रम आहेत, आणि भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांच्या वाटेने हवामान विभागापर्यंत, विमानतळांपर्यंत आणि संरक्षण संशोधनापर्यंत जाणारे मार्गही आहेत.

नागपूरचे यंत्र कुरखेड्याच्या आकाशाची वार्ता एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत मिळविते. ती वार्ता बांधीतील शेतकऱ्यापर्यंत आणि जंगलातील मजुरापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र यंत्राचे नाही. ज्या घरात मोबाइल आहे, वाचता येते आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, त्यांनी दोन चित्रे पाहून एक फोन करावा, एवढीच अपेक्षा आहे.